त्यांची डागडुजी, आमचं अतिक्रमण

गेल्या महिन्यात गोल्फ मैदानवाल्या कंपनीनं पंचायतीला पत्र दिलं. मैदानावर किरकोळ सुधारणा व देखभालीची कामं करायची आहेत, हरकत नसावी. सरपंचांनी सही ठोकली. ग्रामसभा नाही, दवंडी नाही. किरकोळ कामाला ग्रामसभा कशाला, असं ग्रामसेवक म्हणतात.

ही किरकोळ कामं आम्हाला चांगली ठाऊक आहेत, कारण आमच्याच बाया आणि पोरं ती रोजावर करतात. ज्यांनी मैदान आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अठरा खळग्यांच्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकर जमीन लागते. चेंडू घालायचा तो खळगा फक्त सव्वाचार इंच रुंद. त्याच्याभोवतीचं गवत तीन-चार मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणून जवळपास रोज कापायचं. एकाच जागी पाय पडून गवत दबू नये म्हणून खळगाही हलवत राहायचा. मुळांना हवा मिळावी म्हणून जमिनीला बारीक भोकं पाडून त्यात वाळू भरायची. वाळूच्या खड्ड्यात साहेबांची पावलं उमटली की दाताळ्यानं पुसायची. बुरशी नको म्हणून औषध, तण नको म्हणून औषध. ते फवारणाऱ्यांना हातमोजे नाहीत आणि डब्यावर काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवत नाही. शिवाय पाऊस संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत पाणी, उन्हाळ्यात दिवसाला लाखो लिटर.

खेळावर आमचा राग नाही. आमची पोरंही विटीदांडू खेळतात, त्याला सातबारा लागत नाही.

राग आहे तो 'किरकोळ' या शब्दावर. यंदाच्या कामांत ओहोळाला बांध घालून आत तळं करायचं आहे. खालच्या दोन्ही पाड्यांच्या बाया फाल्गुन सरला की त्याच ओहोळात खड्डा खणून वाटी-वाटीनं हंडा भरतात. दुसरं काम म्हणजे कुंपण सरळ करणं. वाकडं कुंपण सरळ झालं की वळणात असलेले दळीचे तुकडे आत जाणार. मागच्या दोन वेळांनाही असंच झालं: आधी खांब आले, मग तार आली, मग तिथं गवत लावलं. एकदाही आमच्यासमोर मोजणी झाली नाही. जमीन कोणी एकदम घेत नाही, ती दुरुस्ती करत करत घेतात.

आणि आम्ही दुरुस्ती केली की? पावसात वाहून गेलेला नाचणीच्या वावराचा बांध चार दगड लावून उभा केला, तर गार्ड आला, फावडं-पहार जप्त केली, पंचनामा झाला. जंगलजमिनीवर दुसरं काम करायला दिल्लीची परवानगी लागते, 1980 चा कायदा आहे, असं त्यानं ऐकवलं. मग मैदानाचा नवा रस्ता ज्या जंगलपट्ट्यातून काढायचा आहे, तिथं हा कायदा झोपतो का? परवानगीचा कागद दाखवा, आम्ही वाचू.

आम्ही रोजगार देतो, असं कंपनी म्हणते. देते. पण रोज बंद करणं मुकादमाच्या हातात आहे. दळीतली वरई बंद करणं त्याच्या हातात नाही, तेवढाच आमचा आधार.

मेक्सिकोत तेपोस्तलान नावाच्या गावी 1995 साली असंच घडलं. नगरपालिकेनं लोकांना न विचारता गोल्फ मैदानाला परवानगी दिली. लोकांनी कारभाऱ्यांनाच कचेरीबाहेर काढलं. पुढच्या वर्षी एक माणूस जिवानिशी गेला, आणि मग कंपनीनं गाशा गुंडाळला. आमच्या सरपंचांनी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

आमचं मागणं एवढंच आहे. पाडेकऱ्यांसमोर मोजणी झाल्याशिवाय एकही खांब हलवू नये. ओहोळ मोकळा राहावा. सरपंचांची सही ग्रामसभेपुढे ठेवावी.

दंडाच्या जुन्या पावत्या ज्यांच्या घरात आहेत त्यांनी त्या फेकू नयेत, चुलीजवळही ठेवू नयेत. गार्डनं दंड केला याचा अर्थ तुम्ही तेव्हा तिथं कसत होता, हा पुरावा आहे. पावती नसेल तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन या. केवळ कागद नाही म्हणून दावा फेटाळू नका, इतर पुरावाही तपासा, असं सुप्रीम कोर्टानं 1995 साली महाराष्ट्रातल्याच जंगलप्लॉटच्या प्रकरणात सांगितलं आहे.

येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला तहसील कचेरीवर जमायचं आहे. मैदानावर रोजावर जाणाऱ्यांनी त्या दिवशी खाडा करावा. बायांनी रिकामे हंडे आणावेत.