वाटीतला फेस

२०२४ च्या आषाढात आमच्या अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आणल्यावर गोळ्या, मालीश, व्यायाम या सगळ्याची व्यवस्था लागली. राहिली ती दाढी. बाहेरच्या माणसाला ही बाब क्षुल्लक वाटेल. पण जन्मभर मास्तरकी केलेला हा माणूस दाढी वाढलेली घेऊन शहापुरातल्या आमच्या गल्लीत कधी कुणाला दिसला नव्हता. कुणी भेटायला आले की अप्पा डाव्या हाताने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेत. त्यांना थंडी वाजत असेल असे मला वाटे. बायकोच्या मात्र पहिल्याच दिवशी लक्षात आले होते.

घरी येऊन दाढी करणारे आता सहसा मिळत नाहीत. एकांना विनवून आणले, ते दोनदा आले आणि सलूनमध्ये गर्दी असते म्हणून पुढे येईनात. तेव्हा मीच बाह्या सारल्या. मुलाने पुण्याहून आणलेला, दाबला की भसकन फेस येणारा डबा घरात होता. किंमत तीनशेच्या घरात. पण माझा हात नवखा, एका गालाला दहा मिनिटे. तेवढ्यात तो फेस वाळून कागद व्हायचा आणि पाते कातडीला अडायचे. जबड्याखाली चीर पडली. अप्पांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू, त्यामुळे तेवढीशी चीर अर्धा तास थांबेना. (अशी गोळी घरात कुणाला चालू असेल, तर वाचकहो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाते हातात घेऊ नका.) आमच्या डॉक्टरांनी विजेचे मशीन सुचवले. तेही आणले. सैल, सुरकुतलेल्या कातडीत ते केस ओढू लागले आणि अप्पांनी डाव्या हाताने ते बाजूला सारले. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. फार जपून, दाब न देता करणार असाल तर करा, असे ते म्हणाले.

त्या दिवशी अप्पांनी कपाटाकडे बोट केले. आत त्यांचा जुना सरंजाम होता. स्टीलची वाटी, ब्रश, तुरटीचा खडा, दुधारी पात्याचा रेझर आणि प्लास्टिकच्या डबीतली साबणाची गोल वडी. ही वडी आजही किराणा दुकानात चाळीस-पन्नास रुपयांना मिळते आणि बरेच महिने पुरते. अप्पा ती वापरत तो त्यांचा चिकटपणा, असे मी आजवर समजत आलो होतो.

वडीवर ब्रश चार वेळा फिरवला, वाटीत घुसळला. वर नुसते मोठे मोठे बुडबुडे आले आणि गालावर लावेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी पाणी कमी घेतले, तर श्रीखंडासारखा घट्ट गोळा झाला आणि पाते त्यात रुतले. साबणच हलका, असे मी पुटपुटलो. अप्पांचे बोलणे तेव्हा एकेका शब्दाचे. ते म्हणाले, ‘‘पाणी.’’ मी धावत जाऊन पेला भरून आणला आणि त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी मान फिरवली. पुन्हा म्हणाले, ‘‘पाणी.’’ मग डावा हात पेल्यात बुडवून बोटांवरचे तीन-चार थेंब त्यांनी माझ्या हातातल्या ब्रशवर झटकले. माझ्याकडे ‘आता ढवळ की’ अशा नजरेने पाहिले. एक मिनिट घुसळले. पुन्हा तीन-चार थेंब. असे चार-पाच वेळा झाले आणि त्याच वडीतून दह्यावरच्या सायीसारखा दाट, तुकतुकीत फेस वाटीत उभा राहिला.

पुढे थोडे वाचले, थोडे आमच्या गल्लीतल्या रसायनाच्या प्राध्यापकांना विचारले. अंघोळीचा साबण बहुधा सोडियमचा असतो. दाढीच्या साबणात पोटॅशियमचाही वाटा असतो. तो साबण मऊ असतो, पाण्यात लवकर विरघळतो. जोडीला स्टिअरिक आम्ल, त्यामुळे फेस टिकतो. वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत ही दोन नावे असली तर वडी स्वस्त असली तरी बिनधास्त घ्या. आपण चुकतो ते साबण उचलण्यात. ब्रश आधी कोमट पाण्यात दोन मिनिटे भिजवून दोनदा झटकायचा आणि वडीवर चांगला अर्धा मिनिट फिरवायचा. साबण केसांच्या मुळाशी गेला पाहिजे, टोकाला नव्हे. अप्पा तर अंघोळीला जातानाच वडीवर चमचाभर पाणी टाकून ठेवत. लहानपणी मी ते पाणी ओतून टाकल्याबद्दल धपाटा खाल्ला आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात नळ लांबला की आमच्याकडे बोअरचे पाणी वापरतात. ते जड. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात, फेसाऐवजी वाटीला राखी साका चिकटतो. अशा वेळी पिण्याच्या फिल्टरचे अर्धा पेला पाणी घेतो. तेवढे पुरते. फेस लवकर वाळत असेल तर औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन दोन थेंब टाकतो. अप्पांना ही माझी सुधारणा विशेष पसंत नाही.

फेसाच्या आधी मात्र केस भिजले पाहिजेत. कोमट पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर तीन मिनिटे ठेवतो. केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि कापायला जोर लागत नाही. मग पाते. ताजेच घेतो, चार-पाच दाढ्यांच्या वर एक ठेवत नाही. रेझरला त्याचे वजन पुरे, आपले द्यायचे नाही. केस कुठल्या दिशेला वाढलाय ते बोटाने चाचपायचे. मानेवर तो भलतीकडेच वळतो. त्याच दिशेने जायचे, उलटे नाही. पूर्वी अप्पा आतून जीभ लावून गाल फुगवत. आता उजवा गाल फुगत नाही. म्हणून मी डाव्या हाताची दोन बोटे कानापाशी ठेवून कातडी वर ताणतो. ओठाच्या कोपऱ्यापाशी अजून माझा श्वास अडकतो. तेवढ्यापुरते अप्पाही डोळे मिटून घेतात. गुळगुळीत होईपर्यंत घासायचा हट्ट मी सोडला आहे. थोडे खुंट राहिले तर राहू देत. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. ब्रश धुऊन केस खाली करून टांगायचा, वडी उघडी वाळू द्यायची. ओल्या डबीत झाकून ठेवली की ती गळून वाया जाते.

आता एक दिवसाआड सकाळी अप्पा पलंगावर टेकून बसतात. वाटी मांडीवर, ब्रश डाव्या हातात. फेस तेच करतात. दहा मिनिटे लागतात, धोतरावर थोडा सांडतो, पण तेवढे काम ते कुणाला करू देत नाहीत. मी पाते लावायचा धनी. गेल्या आठवड्यात वडी झिजून नखाएवढी कपची उरली. मी ती टाकायला निघालो, तर अप्पांनी हात पुढे केला. नवी वडी ओली करून ती कपची त्यांनी अंगठ्याने तिच्यावर दाबून बसवली आणि डबी माझ्याकडे दिली.