दिवे विझले नाहीत. पण बिल कुणी भरले?

फुकुशिमानंतर २०११ साली जर्मनीने २०२२ अखेर अणुवीज बंद करायचे पक्के केले. पण २०२२ मध्येच रशियाचा वायू आटला. हिवाळ्यासाठी कोळशाचे बंद संच पुन्हा पेटवावे लागले. शेवटच्या ३ अणुभट्ट्यांना १५ एप्रिल २०२३ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली.

“दिवे तर विझले नाहीत!” असे समर्थक म्हणतात. मित्रांनो, महाग बिलाचा चटका बंगलेवाल्याला बसतो की भाड्याच्या खोलीतल्या कामगाराला?

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्यासोबत विजेचे धोरण सांभाळताना बाबासाहेबांनी स्वस्त, मुबलक विजेचा आग्रह धरला. ती त्यांच्यासाठी गरिबीतून सुटकेची वाट होती.

अणुभट्टीला कुलूप जरूर लावा. पण आधी हिवाळ्यातल्या अंधाऱ्या, वारा पडलेल्या दिवसांची वीज उभी करा. नाहीतर तुमच्या पर्यावरणाची किंमत गरीबच मोजेल.

जय भीम!