संकल्प एकट्याचा, साथ सर्वांची

व्यसनमुक्तीवर आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ होतात. मात्र बैठक संपताच कोपऱ्यावरच्या पानटपरीकडे वळणारी पावले कधी कधी आपल्याच कार्यकर्त्यांची असतात, हे अप्रिय सत्य सहसा कुणी बोलून दाखवत नाही. घरात त्याच्यावर ठपका येतो तो एकच : 'मन खंबीर नाही.' हे निदान अपुरे आहे.

सिगारेट वा विडीचा झुरका घेताच काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते आणि तेथे सुखाची जाणीव देणारे डोपामिन स्रवते. सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटिन निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. व्यसन सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस म्हणूनच सर्वांत कठीण. चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश! नेमका याच वेळी घरातून टोमणा मिळाला की माणूस पुन्हा टपरी गाठतो.

पुष्कळजण सिगारेट सोडून तंबाखू मळू लागतात. ही मुक्ती नव्हे. निकोटिन तेच, वाट तेवढी बदलली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, त्यांत बहुसंख्य तोंडात तंबाखू धरणारे. २००८ मध्ये सार्वजनिक धूम्रपानावर बंदी आली, २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. तरी पुडी चोरून मिळतेच. कायदा विक्री रोखू शकेल, तलफ नव्हे.

मग उपाय कोणता? त्याचे उत्तर आपल्या मराठवाड्यातच आहे. श्रीगुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. त्यांच्या खालसा पंथाने ज्या चार गोष्टी कठोरपणे वर्ज्य मानल्या, त्यांत तंबाखू आहे. तेथे प्रतिज्ञा एकट्याने घ्यायची नसते. पंज प्यारे आणि संगत साक्षीला असतात. मर्यादा मोडली तर चूक मान्य करून पुन्हा अमृत घेण्याचा मार्गही खुला असतो. संकल्पाला समाजाचा आधार आणि घसरलेल्याला परतीची वाट, हेच या परंपरेचे सामर्थ्य.

लातूरला १९६६ पासून विवेकानंद रुग्णालय संघसंस्कारातून उभे आहे. कर्करोगाच्या उपचारांची सोय तेथे झाली, ही अभिमानाची गोष्ट. परंतु रुग्ण त्या दारापर्यंत पोहोचूच नये, हे काम डॉक्टरांचे नाही, आपले आहे.

प्रारंभ स्वतःपासून व्हावा. व्यसन सोडू इच्छिणाऱ्या बंधूला प्रत्येक शाखेने, प्रत्येक कुटुंबाने पहिले चार आठवडे एकटे सोडू नये. तलफ काही मिनिटांत ओसरते; तेवढा वेळ कुणीतरी सोबत असावे. वैद्यकीय सल्ल्याने निकोटिनची चघळगोळी घेण्यात कमीपणा नाही. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर निःशुल्क समुपदेशनही मिळते. आणि तो पुन्हा घसरलाच, तर उपहास नको, हात द्यावा. बहुतेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात.

समाजसंघटनेची भाषा बोलणाऱ्यांनी आपल्याच सहकाऱ्याला या लढाईत एकाकी ठेवणे, हे संघटनेचेच अपयश ठरेल.