वखारींतील मांडण्या व आडवा भार

सहकारी संस्थांच्या वखारींतून बियाणें व खतें ठेवण्याकरितां लोखंडी मांडण्या उभारण्याची चाल आतां सर्वत्र पडली आहे. भिंतीस वा छतास न बांधलेली, केवळ आपल्या पायांवर उभी असलेली ही मांडणी किती वजन पेलते, एवढेंच चालक विचारतात. बाजूनें रेटा आल्यास ती टिकेल काय, असें कोणी विचारलेंच तर मक्तेदार म्हणतो, "आंत वारा कोठला?" आणि विषय तेथेंच संपतो. आमच्या मतें तो तेथें संपतां कामा नये.

वारा नसला तरी रेटा असतो. हमाल वरच्या फळीवरून पोतें ओढतो; हातगाडीचा धक्का लागतो. अमेरिकेच्या बांधकामसंहितेनें ६ फुटांहून उंच अशा आंतल्या भिंतींसही दर चौरस फुटास निदान ५ पौंड आडवा भार धरावयास सांगितलें आहे, तें उगाच नव्हे.

हिशेब कठीण नाहीं. २ फूट खोलीच्या मांडणीचें मालासह वजन १००० किलो, व गुरुत्वमध्य ८ फुटांवर आहे असें धरूं. तिला सांवरणारा जोर, निम्मी खोली १ फूट घेऊन, १०००. वजनाच्या दशांशाइतका रेटा आल्यास उलथविणारा जोर १०० गुणिले ८, म्हणजे ८००. मांडणी तगली! परंतु जमीन सखल असून गुरुत्वमध्य अडीच इंच कललेला असेल, तर सांवरणारा जोर ७९२ च उरतो, व मांडणी हमालाच्या अंगावर येते. तोच माल खालीं, ३ फुटांवर असता तर उलथविणारा जोर अवघा ३०० भरता. दशांश आम्हीं उदाहरणादाखल घेतला. खरा आंकडा स्थळ पाहून अभियंत्यानेंच ठरवावा.

"आमच्याकडे भूकंप होत नाहीं," हें उत्तर महसुली दप्तरांत वय घालविलेल्या आम्हांस पटत नाहीं. किल्लारीचा प्रदेश १९८४ च्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. नकाशा बदलला तो २००२ सालीं. शिवाय भूकंपाचा रेटा वजनाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे धोका भरल्या वखारीस अधिक.

याकरितां निविदेंतच आडव्या भाराचा आंकडा मागावा, पाय जमिनींत बोल्टांनीं जखडावे, पाठीस पाठ लावून उभ्या असलेल्या मांडण्या वरून एकमेकींस बांधाव्या. आंकडा लिहून देण्यास जो मक्तेदार नाखूष असेल, त्याची निविदा कितीही स्वस्त असली तरी परत करावी.