मृगातील महातारे आणि आपण

मृग नक्षत्राशी आमच्या शेतकऱ्याचे नाते पेरणीचे. परंतु याच नक्षत्रातील तेजोमेघात, सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचे तारे जन्म घेत आहेत. आपल्या श्वासातील प्राणवायू प्रामुख्याने अशाच महाताऱ्यांच्या पोटी घडला व त्यांच्या स्फोटांतून विश्वात विखुरला. तेव्हा त्यांच्या जन्माची चौकशी ही रिकामटेकडी हौस नव्हे.

नवजात महाताऱ्याचा प्रखर प्रकाश भोवतालचा वायू बाहेर ढकलतो. तरीही तो वाढतो कसा, हे कोडे आहे. धुळीचे थंड ढग दृश्य प्रकाश अडवतात. तीच धूळ मात्र मिलिमीटरहून आखूड लहरी बाहेर टाकते, आणि त्यांवरून ढगाच्या गर्भाची रचना कळते. हवेतील बाष्प या लहरी गिळते. आमच्या दमट किनाऱ्यावर त्यांचा वेध घेणे व्यर्थच. म्हणूनच चिलीच्या कोरड्या आटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर, ६६ अँटेनांच्या 'आल्मा' वेधशाळेचे २०१३ साली उद्घाटन झाले.

भारत तिच्या भागीदारांत नाही. पण खोडदची विशाल रेडिओ दुर्बीण आपल्याच शास्त्रज्ञांनी उभारली, आणि लडाखात हानलेला ४,५०० मीटर उंची व कोरडी हवा आहे. तेथे अशी दुर्बीण उभारण्याचे सरकारने मनावर घ्यावे, असे आम्हांस वाटते. खर्च मोठा आहे, हे मान्य. परंतु परक्यांच्या दाराशी वेधाची वेळ मागणाऱ्याला प्रश्नही त्यांच्याच सोयीने विचारावे लागतात.