व्हिएन्नाआधी सारंगखेडा
मुलुंडच्या आमच्या सोसायटीत या आठवड्यात युरोप सहलीचे बेत रंगलेत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या यादीत व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल बघून मला फार आनंद झाला. मंडळी, तिथे जाच! 1735 साली पूर्ण झालेल्या त्या दालनात झुंबरांखाली लिपिझ्झान घोडे चालतात. जन्मतः काळपट असलेली त्यांची शिंगरं पांढरी व्हायला सहा ते दहा वर्षं घेतात. तिकीट मात्र सकाळच्या सरावाचं काढा. स्वस्त पडतं म्हणून नव्हे. घोडा चुकतो, स्वार न चिडता तीच चाल पुन्हा करून घेतो, खिशातून साखर भरवतो, ती खरी विद्या. पण त्याआधी दत्तजयंतीच्या सुमारास बोरिवलीहून सुरतमार्गे दोंडाईचा गाठा आणि तापीकाठच्या सारंगखेड्याला जा. एकमुखी दत्ताच्या त्या यात्रेत मारवाडी, काठेवाडी घोडे वाद्यांच्या ठेक्यावर नाचतात. टापांचा ताल तिथे कानात बसला, की व्हिएन्नातली पियाफ, म्हणजे जागच्या जागी दुडकी, कानांनीही अनुभवता येते. आणि हो, विमानाआधी रायडिंग स्कूलचं वेळापत्रक बघा. उन्हाळ्यात घोड्यांनाही सुट्टी असते, आणि ती त्यांना मिळायलाच हवी.