गोल फिल्टर म्हणजे ‘सर्क्युलर’ नव्हे

गेल्या वार्षिक समारंभाचे काही फोटो पालकांना देता आले नाहीत. त्यात कॅमेरा धरणाऱ्या कॅडेटची चूक नव्हती, माझी होती. फोटोग्राफी क्लब माझ्याकडे आहे आणि त्या सकाळी लेन्सवर पोलरायझर मीच चढवून दिला होता. परेड संपल्यावर बारावीचा एक कॅडेट आजोबांशेजारी उभा राहिला. आजोबा दोन रात्री रेल्वेत काढून साताऱ्याहून आले होते. फोटोत त्यांचे धोतर आणि नातवाचा पांढरा गणवेश मिळून नुसता चुना झाला आहे.

फोटो काढणाऱ्याचे म्हणणे साधे होते. “सर, लेन्स मॅन्युअल फोकसची आहे, फोकस मीच करणार. मग फिल्टर कोणता का असेना?” मलाही तेव्हा ते पटले. क्लबात अजून बरेच जण हेच मानतात, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याकडे निकॉन डी७२०० आहे आणि त्यावर आपण जुनी १३५ मि.मी. एफ/२.८ लेन्स लावतो. लेन्स जुनी असली तरी मागचा कॅमेरा ऑटोफोकसचाच राहतो. त्याचा मुख्य आरसा किंचित पारदर्शक असतो. बराचसा प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे आणि लाइट मीटरकडे जातो, उरलेला आरशातून आरपार जाऊन मागच्या छोट्या आरशावरून खाली ऑटोफोकसच्या सेन्सरवर पडतो. अकरावी-बारावीच्या कॅडेट्सना ध्रुवण माहीत आहे: असा आरसा किती प्रकाश परावर्तित करील, हे प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेवरही ठरते. लिनियर पोलरायझरमधून एकाच दिशेचे कंपन पुढे जाते. फिल्टर फिरवला की वाटणी बदलते आणि मीटर फसतो. त्या सकाळी मीटरला प्रकाश प्रत्यक्षापेक्षा कमी दिसला आणि कॅमेऱ्याने शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवले.

शिवाय ‘फोकस मीच करतो’ हेही अर्धेच खरे. जुन्या कॅमेऱ्यांत काचेच्या मध्यभागी चित्राचे दोन तुकडे दिसत आणि ते जुळले की फोकस झाला असे समजायचे. आताच्या कॅमेऱ्यात ती सोय नसते. आपण रिंग हाताने फिरवतो खरी, पण थांबायचे कुठे हे व्ह्यूफाइंडरच्या तळाशी लागणाऱ्या हिरव्या ठिपक्याला विचारतो. तो ठिपका त्याच सेन्सरच्या भरवशावर लागतो. पोलरायझर आधीच दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, त्यात लिनियर असेल तर ठिपका लुकलुकत राहतो किंवा लागतच नाही.

यावर उपाय सर्क्युलर पोलरायझर. ‘सर्क्युलर’ म्हणजे आकाराने गोल नव्हे, गोल तर सगळेच फिल्टर असतात! (अशा समजुतीने आणलेले दोन लिनियर फिल्टर आपल्या कपाटात आहेत.) सर्क्युलरमध्ये मागच्या बाजूला ‘क्वार्टर वेव्ह प्लेट’चा एक थर असतो. चकाकी काढण्याचे काम पुढचा थर करतो, आणि मागचा थर प्रकाशाचे कंपन असे बदलून टाकतो की आरशाला कोणतीच दिशा वेगळी राहत नाही.

फोकस हाताने असो वा आपोआप, आरशाच्या कॅमेऱ्यावर क्लबात यापुढे सर्क्युलरच लागेल असे माझे मत आहे. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसाच नसल्याने तिथे लिनियर बहुधा चालून जातो. पण आपला कॅमेरा तो नाही. दोन्ही लिनियर फिल्टर मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेला देतो आहे. एकावर एक धरून फिरवले की काळोख होतो, ते दाखवायला ते उत्तम.

मार्चपास्टला मात्र कोणताच पोलरायझर नको. चालत्या तुकडीला वेगवान शटर हवे आणि तिथे दोन स्टॉप गमावणे परवडत नाही. बूटांची आणि पीककॅपच्या चोचीची चकाकी पोलरायझर कमी करतो, पण पट्ट्याच्या पितळी बकलची करत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश तसा ध्रुवित होत नाही. पहाटे उठून चमकवलेले बूट फोटोत मंद दिसावेत, असे कोणत्या कॅडेटला वाटेल? आकाश, झाडी, तलाव यांसाठी जरूर लावा, आणि सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवा, कारण सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाश सर्वांत गडद होते. काही जुन्या लेन्समध्ये फोकस करताना पुढची कडच फिरते आणि तिच्याबरोबर फिल्टरही. म्हणून आधी फोकस, मग फिल्टर. कॅमेरा उभा धरला तर फिल्टर पुन्हा फिरवून पाहा.

पालकांपैकी कोणी मुलासाठी फिल्टर घेणार असतील तर त्यांनी लेन्सचे माप आधी पाहावे. आपल्या १३५ ला ५२ मि.मी. लागतो. दुकानात फिल्टरची आट्याची बाजू आरशाकडे करून त्यातून आरशात बघावे. आरशातला फिल्टर काळा दिसला आणि उलटा धरल्यावर स्वच्छ झाला, तर तो सर्क्युलर. दोन्हीकडून सारखाच दिसला तर दुकानदाराला परत द्यावा, डबीवर काहीही छापलेले असो.